उघडी मूठ : लिनक्समध्ये बाहेरचा ड्रायव्हर बांधणे आणि तो आपोआप सुरू करणे

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख लिहावा, याचे या स्मरणिकेच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु ग्रामीण भागातील निवासी शाळेत शिक्षकाच्या वाट्याला केवळ त्याचा विषय येत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या उंद्रीच्या शाळेतील संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत देणगीतून मिळालेले जुने संगणकही आले. त्यांवर नवी विंडोज प्रणाली चालेना, म्हणून आम्ही लिनक्स बसवले. सायंकाळच्या वंदनेनंतर मुले तेथे बसून टंकलेखन आणि गणिताचे खेळ करू लागली. सारे सुरळीत चालले असता एक प्रसंग घडला. त्या प्रसंगातून जे शिकलो, ते विद्यार्थ्यांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे क्रमाने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा घडला

दहावीच्या परीक्षेची आवेदनपत्रे ऑनलाइन भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. सकाळी संगणक सुरू केला, तर वाय-फायचे चिन्हच पडद्यावरून नाहीसे झालेले. संगणकाला लावलेला छोटा यूएसबी डोंगल जागेवर होता, त्याचा दिवाही लुकलुकत होता. पण संगणक त्याला ओळखच देत नव्हता. आदल्या रात्री प्रणालीने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते, हे आम्हांला माहीत होते. परंतु त्याचा आणि या बिघाडाचा काही संबंध असेल, हे ध्यानात आले नाही.

बाहेरून एक तंत्रज्ञ बोलावला. तो तिसऱ्या दिवशी आला. त्याने पडदा आपल्याकडे वळवून घेतला, दहा-पंधरा मिनिटे काही टंकले आणि नेट सुरू झाले. काय केले, असे विचारले तेव्हा "सर, ते तुमच्या कामाचं नाही" असे म्हणून पैसे घेऊन तो निघून गेला. तोवर मुदत टळली होती. राहिलेली आवेदनपत्रे विलंब शुल्कासह भरावी लागली. त्यांतील एका मुलाची आई त्या दिवसांत सोयाबीन सोंगायला जात होती. ते शुल्क तिच्या मजुरीतून गेले.

पुढे दोनेक महिन्यांनी पुन्हा तेच घडले. तेव्हा मात्र आम्ही तंत्रज्ञाला बोलावले नाही. दोन शिक्षक आणि नववीची चार मुले मिळून, हे का घडते याचा शोध घेण्यास बसलो.

कर्नेल, ड्रायव्हर आणि मॉड्यूल

संगणक प्रणालीच्या मध्यभागी एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्कवर काय लिहायचे, हे सर्व निर्णय कर्नेल घेतो. परंतु जगात उपकरणे असंख्य आहेत आणि प्रत्येकाची बोली वेगळी आहे. उपकरणाची बोली कर्नेलला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर होय.

हे सगळे दुभाषी कायम गाभ्यात बसवून ठेवले, तर गाभा फार अवजड होईल. म्हणून लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर सुट्या भागांच्या रूपाने डिस्कवर ठेवलेले असतात. गरज पडली की तो भाग चालू कर्नेलमध्ये जोडला जातो, गरज संपली की काढता येतो. त्यासाठी संगणक बंद करावा लागत नाही. या सुट्या भागाला मॉड्यूल म्हणतात. त्याच्या फाइलीच्या नावाचा शेवट 'केओ' या दोन अक्षरांनी होतो. 'एलएसमॉड' ही आज्ञा दिली की या क्षणी कोणकोणती मॉड्यूल जोडलेली आहेत, त्यांची यादी पडद्यावर येते. (या लेखातील आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कळफलकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.)

प्रिंटरपासून सुरू झालेला इतिहास

येथे माझा मूळ विषय येतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम शोधत गेले, तर तो एका ड्रायव्हरपाशीच जाऊन पोहोचतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत होते. तेथील जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी अशी सुधारणा केली होती की कागद अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्यांना आपोआप निरोप जाई. नंतर नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मात्र मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाजवळ तो होता, त्यानेही गुप्ततेचा करार केल्यामुळे देण्यास नकार दिला. ही हकीकत स्टॉलमन यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. पुढे त्यांनी तयार केलेल्या जीपीएल परवान्याने प्रोग्रॅम वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क सर्वांना दिला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये त्याला हाच परवाना लागू केला.

आपल्या महाराष्ट्रातही याचे एक उदाहरण आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर फेडोरावर आधारित लिनक्स होते. त्या लॅपटॉपच्या वाय-फाय चिपचा 'लिबर्टास' नावाचा ड्रायव्हर त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नेलमध्ये समाविष्ट झाला. परंतु चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो बंदच राहिला आणि त्यावरून जगभरच्या जाणकारांत वाद झाला. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीवरील मुलांच्या हातात आलेल्या यंत्रातही काय खुले आणि काय बंद, हा प्रश्न होताच.

जेथे कंपनी काहीच सांगत नाही, तेथे काय करतात? जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचली, त्यासारखेच काही. सांचीच्या स्तूपावरील अनेक छोट्या लेखांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतो, हे त्यांनी पाहिले आणि तो शब्द 'दानं' असावा असा तर्क केला. त्या किल्लीने पुढे अशोकाचे शिलालेख बोलू लागले. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी असाच बनवला. कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे विश्लेषण करून उपकरणाची बोली त्यांनी लिहून काढली. तो २००६ मध्ये कर्नेलच्या २.६.१७ या आवृत्तीत आला.

आतला ड्रायव्हर आणि बाहेरचा ड्रायव्हर

आता आमच्या बिघाडाचे मूळ कारण पाहू. ज्या ड्रायव्हरची संहिता कर्नेलच्या मुख्य संचातच आहे, तो कर्नेलबरोबर वाढतो. कर्नेलच्या अंतर्गत रचनेत कोणी बदल केला, तर त्या बदलामुळे अडणारे आतले सर्व ड्रायव्हर दुरुस्त करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावरच असते. बाहेरच्या ड्रायव्हरला हे संरक्षण नाही. सामान्य प्रोग्रॅम आणि कर्नेल यांच्यामधील करार लिनक्स कसोशीने पाळते. मात्र कर्नेलच्या आतील भागांमधील करार कायम राहील, असे वचन ते देत नाही. साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येते आणि बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी मागे पडू शकतो.

शिवाय प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नेलसाठी बांधले, याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर कर्नेल त्याला आत घेत नाही. प्रत्येक आवृत्तीची मॉड्यूलही 'लिब' फोल्डरातील 'मॉड्यूल्स' या फोल्डरात त्या आवृत्तीच्या नावाने स्वतंत्र ठेवलेली असतात. आमच्या डोंगलचा ड्रायव्हर बाहेरचा होता. तो जुन्या कर्नेलच्या फोल्डरात सुखरूप पडून होता आणि संगणक नव्या कर्नेलवर सुरू झाला होता. बिघाड म्हणावा, तो एवढाच!

यातून एक तातडीचा उपाय निघतो. तो माहीत असता, तर त्या मुलाचे विलंब शुल्क वाचले असते. संगणक सुरू होताना येणाऱ्या 'ग्रब' या यादीत प्रगत पर्यायांखाली जुना कर्नेलही दिलेला असतो. तो निवडला की जुना ड्रायव्हर जागेवर असल्यामुळे नेट लगेच सुरू होते. मग सवडीने कायमची दुरुस्ती करता येते.

ड्रायव्हर बांधण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी ओळख पटवण्याची. डोंगलच्या वेष्टनावरील नावाला फारसा अर्थ नसतो; एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या चिपा असू शकतात. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की प्रत्येक यूएसबी उपकरणापुढे दोन क्रमांक दिसतात : एक उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. हीच त्याची खरी ओळख. काही डोंगल लावताच स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण विंडोजसाठीचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. अशा वेळी 'यूएसबी-मोडस्विच' हा प्रोग्रॅम त्यांना वाय-फायच्या रूपात आणतो.

दुसरी पायरी, ड्रायव्हर आधीच आत आहे का हे पाहण्याची. पुष्कळदा नव्या कर्नेलमध्ये तो आलेला असतो. उदाहरणार्थ, बरीच वर्षे बाहेरून बांधाव्या लागणाऱ्या काही यूएसबी वाय-फाय चिपांना फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ या आवृत्तीपासून कर्नेलमध्येच आधार मिळाला. 'वायरगार्ड' हे सुरक्षित जोडणीचे मॉड्यूलही प्रथम बाहेर होते; मार्च २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत ते आत आले. ड्रायव्हर आत असेल, तर बाहेरचा बांधण्याचा खटाटोप करू नये.

तिसरी पायरी साहित्य जमवण्याची. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : कंपायलर व 'मेक' ही साधने, चालू कर्नेलच्या 'हेडर' फाइली आणि ड्रायव्हरचा सोर्स कोड. उबुंटू व डेबियनमध्ये पहिले साहित्य 'बिल्ड-इसेन्शियल' या पॅकेजमध्ये मिळते. हेडर मात्र चालू कर्नेलच्या नेमक्या आवृत्तीचेच हवेत. ती आवृत्ती 'यूनेम' या आज्ञेपुढे आडवी रेघ आणि 'आर' हे अक्षर दिले की कळते. नेटच बंद असताना हे साहित्य उतरवून कसे घ्यायचे, असा प्रश्न मुलांनी विचारला होता. त्याचे उत्तर सोपे आहे. मोबाइल केबलने संगणकाला जोडून त्याचे यूएसबी टेदरिंग सुरू करावे. त्यासाठीचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतोच.

चौथी पायरी प्रत्यक्ष बांधणीची, म्हणजे कंपाइल करण्याची. सोर्स कोडच्या फोल्डरात 'मेकफाइल' नावाची सूचनापत्रिका असते. तिच्यातील 'ओबीजे-एम' या शब्दापुढे ज्याचे नाव असेल, ते सुटे मॉड्यूल म्हणून बांधले जाते. 'ओबीजे-वाय' पुढे असेल, तर ते गाभ्यातच मिसळले जाते. 'मेक' ही आज्ञा दिल्यावर ते साधन कर्नेलच्या बिल्ड फोल्डरात जाऊन तेथील नियम घेते आणि त्या नियमांनी आपला ड्रायव्हर बांधते. म्हणूनच हेडर चुकीचे असतील, तर फळही चुकीचे येते. त्रुटी आल्यास शेवटची ओळ न वाचता सर्वांत वर आलेली पहिली त्रुटी वाचावी. खालच्या बहुतेक त्रुटी तिच्यातूनच निघालेल्या असतात.

पाचवी पायरी स्थापनेची. 'मेक इन्स्टॉल' ने तयार फाइल योग्य फोल्डरात जाते. त्यानंतर 'डेपमॉड' ही आज्ञा चालवणे आवश्यक आहे. कोणते मॉड्यूल कोणत्या मॉड्यूलवर अवलंबून आहे आणि कोणते मॉड्यूल कोणत्या उपकरणासाठी आहे, याच्या दोन याद्या ती तयार करते. 'हे असेल तर ते होईल' हा कार्यकारणाचा विचार प्रतीत्यसमुत्पादाच्या अभ्यासकांना नवा नाही. अवलंबनाची साखळी न पाहता एकच कडी ओढणारी 'इन्समॉड' ही आज्ञा अनेकदा अपयशी ठरते. 'मॉडप्रोब' ही आज्ञा साखळी पाहून आधीच्या कड्या प्रथम जोडते, म्हणून नेहमी तीच वापरावी.

ड्रायव्हर आपोआप कसा सुरू होतो

डोंगल लावताच ड्रायव्हर आपोआप जोडला जातो, यात जादू नाही. ड्रायव्हरच्या संहितेत एक तक्ता असतो; आपण कोणकोणत्या क्रमांकांची उपकरणे हाताळतो, हे त्यात लिहिलेले असते. डेपमॉड हा तक्ता वाचून 'मॉड्यूल्स डॉट एलियास' या यादीत नोंद करते. उपकरण लावले की कर्नेल त्याचे क्रमांक गुंफून एक ओळखपत्र घोषित करतो. पार्श्वभूमीत जागा असलेला 'यूडेव' हा प्रोग्रॅम ती घोषणा ऐकतो, यादीत जुळणारे नाव शोधतो आणि ते मॉड्यूल जोडतो. तक्त्यात क्रमांक नसेल, तर ड्रायव्हर योग्य असूनही आपोआप सुरू होत नाही.

एखाद्या मॉड्यूलला असे उपकरण नसेल, किंवा ते संगणक सुरू होतानाच हवे असेल, तर 'ईटीसी' फोल्डरातील 'मॉड्यूल्स-लोड डॉट डी' या फोल्डरात एक साधी मजकूर फाइल करावी आणि तिच्यात मॉड्यूलचे नाव लिहावे. एकाच उपकरणावर दोन ड्रायव्हर हक्क सांगत असतील, तर नको असलेल्याचे नाव 'मॉडप्रोब डॉट डी' या शेजारच्या फोल्डरातील फाइलीत 'ब्लॅकलिस्ट' या शब्दापुढे लिहावे. आतला आणि बाहेरचा ड्रायव्हर एकमेकांशी भांडत असल्यामुळे नेट सतत तुटते, असे प्रकार होतात. त्यांचा उपाय हाच.

प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधणी

एवढे सगळे करूनही कर्नेल बदलला की काम पुन्हा शून्यावर येते. आमचा तंत्रज्ञ नेमके हेच अर्धे काम करून गेला होता. हा प्रश्न 'डीकेएमएस' नावाच्या साधनाने सुटतो. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी ते २००३ च्या सुमारास पुढे आणले. ड्रायव्हरचा सोर्स कोड 'यूएसआर' फोल्डरातील 'एसआरसी' मध्ये, नाव आणि आवृत्ती लावलेल्या फोल्डरात ठेवायचा. सोबत एक छोटी फाइल द्यायची. तिच्यात ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती, बनणाऱ्या मॉड्यूलचे नाव आणि 'ऑटोइन्स्टॉल' पुढे 'येस' एवढे लिहायचे. मग 'डीकेएमएस' या आज्ञेपुढे अनुक्रमे 'ॲड', 'बिल्ड' आणि 'इन्स्टॉल' हे शब्द देऊन ती तीनदा चालवायची. त्यानंतर नवा कर्नेल आला की त्याच्यासाठी ड्रायव्हरची बांधणी आपोआप होते. 'डीकेएमएस स्टेटस' ने ती झाली की नाही, हे पाहता येते.

यातही दोन अटी आहेत. नव्या कर्नेलबरोबर त्याचे हेडरही आपोआप येतील, अशी पॅकेजची योजना आधीच करून ठेवावी लागते. आणि कर्नेलची अंतर्गत रचना फार बदलली असेल, तर जुना सोर्स कोड बांधलाच जात नाही. तेव्हा ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधावी लागते. डीकेएमएस परिश्रम वाचवते, पण आपली जबाबदारी संपवत नाही.

सही, डाग आणि विश्वास

२०१२ नंतरच्या पुष्कळ संगणकांत 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था असते. ती चालू असेल, तर बहुतेक लिनक्स प्रणालींचा कर्नेल सही नसलेले मॉड्यूल स्वीकारत नाही. यावर उपाय म्हणून आपल्या संगणकाची स्वतःची किल्ली तयार करून तिने मॉड्यूलवर सही करता येते. उबुंटूमध्ये हे काम डीकेएमएसच्या स्थापनेबरोबर होते. त्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे किल्लीची नोंदणी करण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईने तो पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर बांधलेला असूनही चालत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो. केवळ अडचण होते म्हणून सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. किल्लीची नोंदणी हा त्याहून चांगला मार्ग आहे.

बाहेरचे मॉड्यूल जोडले की कर्नेल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे डाग लागल्याची नोंद करतो. हा शब्द वाचून आपल्या समाजाला विटाळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण दोहोंत मूलभूत भेद आहे. विटाळ जन्मावर लादलेला होता आणि त्याला कारण विचारण्याची मुभा नव्हती. ही नोंद एका विशिष्ट कृतीची आहे. तिचे कारण अक्षराने दर्शवलेले असते : बाहेरच्या मॉड्यूलसाठी एक अक्षर, सही नसलेल्यासाठी दुसरे, बंद परवान्याच्या मॉड्यूलसाठी तिसरे. तिचा उद्देश कोणाला वगळणे हा नसून, पुढे बिघाड झाल्यास तपासणाऱ्याला दिशा देणे हा आहे. ते मॉड्यूल न जोडता संगणक पुन्हा सुरू केला की ही नोंद उरत नाही.

तरीही सावधगिरी हवी. मॉड्यूल कर्नेलच्या आत चालते आणि कर्नेलला संपूर्ण संगणकावर अधिकार असतो. दुष्ट हेतूने लिहिलेले मॉड्यूल सगळे काही वाचू व पुसू शकते. म्हणून कोणीतरी आज्ञा सांगितली म्हणून ती टंकू नये. परंपरेने आले, पुष्कळांनी सांगितले, सांगणारा थोर आहे, एवढ्यावर विसंबू नका, अशी जी शिकवण तथागतांनी कालामांना दिली, ती येथेही लागू पडते. सोर्स कोड कोठून आला, त्याची देखभाल चालू आहे का, त्याच्या मेकफाइलीत इन्स्टॉलच्या वेळी नेमके काय केले जाते, हे पाहावे. सगळे समजले नाही, तरी पाहण्याची सवय लागते.

शेवटी

आमच्या संगणक कक्षात आता एक वही आहे. प्रत्येक संगणकाच्या डोंगलचे दोन क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, तो आतला की बाहेरचा, केव्हा बांधला आणि काय अडचण आली, हे तिच्यात मुलांच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. अद्ययावत झाल्यानंतर तपासणी करण्याची पाळी दर आठवड्याला दोन मुलांकडे असते. परीक्षेची आवेदनपत्रे भरण्याच्या काळात कर्नेल बदलायचा नाही, हा नियमही त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्या चार मुलांपैकी एकाने पुढच्या वर्गाला हे सारे शिकवले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मला न आलेली एक गोष्ट त्याला आली होती.

महापरिनिब्बान सुत्तात 'आचरियमुट्ठि' असा एक शब्द आहे : आचार्याची मिटलेली मूठ. शेवटच्या वर्षावासातील आजारानंतर भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले की तथागतांनी धम्म देताना आत एक आणि बाहेर एक असा भेद केला नाही. काही राखून ठेवणारी मूठ त्यांच्यापाशी नाही. ज्ञान काहींच्या मुठीत ठेवण्याच्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांचे काय केले, हे येथे सांगण्याची गरज नाही. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शिक्षणाची मूठ उघडायची, तर आधी मुलांच्या राहण्याची सोय हवी, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आपली निवासी शाळा त्याच वाटेवरची आहे.

खुल्या संहितेमुळे ज्ञान आपल्या दारापर्यंत येते. ते वाचण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच करावे लागतात. इंग्रजीची अडचण असेल, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत. तेथून आरंभ करावा. आणि शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या शाळेच्या, विहाराच्या, गावातील वाचनालयाच्या संगणकाशेजारी अशी एक वही ठेवावी. जो दुरुस्ती करील, त्याने पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवून करावी.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या संगणक कक्षातील एका संगणकावर 'एलएसमॉड' चालवा. यादीतील कोणत्याही तीन मॉड्यूलांविषयी 'मॉडइन्फो' या आज्ञेने माहिती मिळवा आणि त्यांचा परवाना कोणता, ते वहीत लिहा.

२. एक यूएसबी उपकरण लावा, काढा आणि पुन्हा लावा. 'एलएसयूएसबी' च्या यादीत काय बदलते, ते नोंदवा.

३. कर्नेल अद्ययावत झाल्यानंतर नेट बंद पडले आहे. आवेदनपत्र भरण्यास एक तास उरला आहे. तुम्ही प्रथम काय कराल आणि नंतर काय कराल, ते कारणांसह क्रमाने लिहा.

४. 'आतला ड्रायव्हर' आणि 'बाहेरचा ड्रायव्हर' यांतील फरक घरी आई-वडिलांना आपल्या बोलीत समजावून सांगा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न वर्गात आणा.

जय भीम! नमो बुद्धाय!